बापाचं बोट अन् माही ट्रॉली

कप खाली ठेवा पहिले. हसताना चहा नाकातून आला, तर मलेच बोलसान. अन् हसून झाल्यावर छातीत कसंनुसं झालं, तर तेही माह्या माथी मारू नका. गोठच तशी आहे. एवढी मोठी चूक अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणी केली अशीन, तर त्याले माह्यासमोर आणून उभा करा. मी त्याच्या पाया पडतो.

आम्ही विणकर. बापानं जन्मभर हातमागावर लुगडी विणली. मीही मागाच्या खड्ड्यात पाय सोडूनच मोठा झालो. शाळेत गेलो होतो थोडासा. मास्तरनं मले ओळखलं, मी मास्तरले ओळखलं, अन् दोघंही सुटलो.

मंग मिलचं कापड आलं. हातमागाले कोणी विचारेना. मी लकडगंजात एका शेठच्या वर्कशॉपात लागलो अन् वेल्डिंग शिकलो. फाटकं, ग्रील, शटरं, काय म्हणसान ते. एक दिवस शेठ गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "इसका वेल्डिंग टिकता नहीं."

टिकता नहीं? माहं? मी होल्डर जमिनीवर आपटला. म्हटलं, "शेठ, अब घर बैठके ऐसा वेल्डिंग करूंगा, तुमरा बाप आया तो भी नहीं टूटेगा!"

अन् आलो निघून. डोक्यात राग, अन् घरात पीठ नाही.

तेवढ्यात माहा साळा सुदाम आला. उमरेडच्या पुढे त्याची शेती. त्यानं जुनं ट्रॅक्टर घेतलं होतं, पण मागे जोडाले ट्रॉली नव्हती.

"भाटवे, तुम्हीच बनवा. लोखंडाचे अन् मशीनच्या भाड्याचे पैसे मी देतो. दसऱ्याले घेऊन जातो. कापूस वेचणीले आला का मले ट्रॉली पाहिजेच. अन् चांगली निघाली नं, तर आमच्याकडचे लोक तुमच्या दारात रांग लावतीन."

दारात! त्या दाराचीच तर सारी भानगड आहे. म्हणून आमचं घर कसं, ते ध्यानात घ्या. गल्लीच्या अंगाले मोठं लाकडी दार. आत आंगण. दाराच्या एका बाजूले भिंतीले भिंत लागून बापाची खोली, दुसऱ्या बाजूले शेजारच्या कौसाबाईचं घर. म्हणजे दाराची भिंत पाडतो म्हटलं, तर इकडून बापाच्या छपराचे कवेलू पडतीन, तिकडून कौसाबाई.

ट्रॉली आंगणात बनवायची ठरलं. पण लोखंड ठेवाले जागा कुठे? बापाच्या खोलीत माग होता. मी म्हटलं, "बाबा, माग काढतो."

बाप म्हणाला, "माग काढशीन तर मलेही काढ."

मी काढला. माग. त्या दिवसापासून बाप माह्याशी बोलला नाही, अन् थोड्याच दिवसांत त्याले लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. लोक म्हणत, माग काढल्याच्या धक्क्यानं झालं. मी म्हणे, वयानं झालं. खरं काय, ते मी डॉक्टरले विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

मंग लोखंड आंगणातच रचलं, अन् माग होता तिथेच त्याची खाट टाकली. तिथून त्याले सारं दिसे. आंगण, मी, लोखंड अन् ते मोठं दार.

आता चूक कुठे झाली, ते पाहा. सुदाम त्याच्या गावातल्या एका ट्रॉलीचं माप सुतळीवर घेऊन आला. लांबीची गाठ वेगळी, रुंदीची गाठ वेगळी. मी सुतळी लोखंडावर ताणली, गाठीपाशी खूण केली, अन् खुणेच्या पुढे आणखी एक वीत सोडली. इकडून एक वीत, तिकडून एक वीत.

सुदाम म्हणाला, "भाटवे, हे वरचं काहून?"

"आटते."

"काय आटते?"

"लोखंड! शेठ सोता सांगत होता, वेल्डिंगनं लोखंड खिचते. सूत आटते, तसं लोखंडही आटते. ताणा लावताना आम्ही नेहमी वीतभर जास्त धरतो. नाही तर लुगडं आखूड निघते, अन् इतवारीतला व्यापारी तोंडावर फेकते."

"पण भाटवे, वीतभर?"

"तू तुहा नांगर धर. मापाचं मले सांगू नको."

हे सारं बापाच्या खाटेसमोर झालं. तो टक लावून पाहत होता. लोखंड खिचते, हे खरंच आहे हो! पण खिचते किती? नखाएवढं. मी त्याले लुगड्याएवढं आटवून राहिलो होतो.

काम सुरू झालं. मी वेल्डिंगची काडी टेकवली का साऱ्या गल्लीचे बल्ब पिवळे पडत. कौसाबाई भिंतीवरून ओरडे, "अरे, माह्या बलबाचा जीव जाते गा!" मी म्हणे, "जाऊ दे वं, तुह्याआधी गेला तर बरंच आहे." असे आमचे शेजारधर्म.

ट्रॉलीचा सांगाडा उभा राहिला, अन् त्याच दिवशी बापाचं बोट उठलं.

सरळ दाराकडे. डोळे माह्यावर, बोट दारावर. तोंडातून नुसतं "अं… अं…"

मले तर लगेच समजलं. म्हणून राहिला, निघ माह्या घरातून! माग काढला त्याचा राग. माहंही डोकं फिरलं. मी म्हटलं, "नाही निघत! काय करता?" अन् जिथे एक चॅनल पुरत होतं, तिथे दोन लावले. जिथे टाका पुरत होता, तिथे सलग वेल्डिंग मारली. बाप बोट दाखवे, मी काडी जाळे. काळ्या काचेआडून त्याचा हात दिसत नव्हता, तेवढंच सुख.

माही बायको म्हणाली, "आवो, मामाजीले बाहेर बसावं वाटते. किती दिवस झाले खाटेवर."

बरं म्हटलं. दोघांनी उचलून गल्लीतल्या ओट्यावर बसवलं. बसवल्याबरोबर त्यानं बोट कुठे दाखवलं? दाराकडेच! आता ते दार आतल्या अंगाले झालं.

"आत जायचं म्हणते," बायको म्हणाली.

आत नेलं. पुन्हा बोट दाराकडे. बाहेर नेलं. पुन्हा दाराकडे. माही कंबर गेली, पण त्याचं बोट काही खाली येईना. ओट्यावर बसून तो भिंत थोपटे, चौकट थोपटे. मी म्हटलं, आपलं घर आठवून राहिला बुढा.

मंग कौसाबाई आली. तिनं बोट पाह्यलं, बोटाच्या दिशेनं दार पाह्यलं, अन् तोंडाले पदर लावला. "गा, त्याले न्यायाले कोणी आलेलं दिसते दारात. माह्या सासऱ्यालेही असंच दिसत होतं."

झालं! चौकटीले लिंबू-मिरची आली. एक भगत आला, त्यानं चौकटीले राख फासली, भरपेट वरण-पोळी खाल्ली अन् सांगितलं, "आता नाही येत." बापानं भगताकडे पाह्यलं अन् बोट उचललं. दाराकडे. भगत घाबरून ताटातला पापड हातात घेऊनच पळाला.

मंग माह्या बहिणीले उमरेडहून बोलावलं. कोणी म्हणालं, लेकीची वाट पाहत अशीन. ती बिचारी एसटीनं रडत रडत आली, बापाच्या गळ्यात पडली. बापानं डाव्या हातानं तिले बाजूले सारलं. दार झाकलं होतं नं तिनं!

"माह्याकडे पाहतही नाही वं," म्हणून ती दोन दिवस जेवली नाही.

दसरा जवळ आला तशी बापानं आणखी एक गोष्ट सुरू केली. पहिले दाराकडे बोट, मंग डाव्या हाताची वीत. अंगठा इकडे, करंगळी तिकडे, असा ताणून हात हलवे. दार, वीत. दार, वीत.

मी बायकोले म्हटलं, "पाहा, टोमणा मारून राहिला. वीतभर पोटासाठी घराची अब्रू रस्त्यावर आणली म्हणते."

बायको म्हणाली, "काहीतरीच तुमचं. पोट दाखवते म्हणजे भूक लागली." अन् तिनं ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या.

बापानं ताट फेकलं. भाकर चाकासारखी घरंगळत दारापर्यंत गेली. आम्ही सारे भाकरीकडे पाहत राहिलो, पण दाराकडे कोणी पाह्यलं नाही.

दसरा आला. ट्रॉली तयार! हिरवा रंग, लाल पट्टा, ट्रकचा जुना एक्सल, असे जाड पत्रे का हत्ती बसवा. मी हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सुदाम ट्रॅक्टर घेऊन गल्लीत आला. अर्धी वस्ती जमली. मी बापाची खाट खोलीच्या दारात ओढली. म्हटलं, पाहा, बाबा. ज्याले निघ निघ म्हणत होते नं, त्याची ट्रॉली आज निघते!

सुदामनं साखळी लावली. "हर हर महादेव!" ट्रॅक्टर गुरगुरलं. ट्रॉली हलली. आंगणातून अशी डुलत निघाली का माह्या डोळ्यात पाणी आलं.

अन् दारात, खर्रर्र!

"ओढ, सुदाम, ओढ!" मी ओरडलो.

"अडकली, भाटवे!"

"अडकत नाही! ओढ!"

त्यानं ओढलं. चौकट तडकली, लोखंड लाकडात घुसलं, बापाच्या छपरावरून कवेलू धडाधड खाली आले, पलीकडून कौसाबाईनं बोंब मारली. ट्रॅक्टर बंद. ट्रॉली दारात पाचरीसारखी बसली. पुढे येईना, मागे जाईना.

गल्लीत कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी चौकटीवर हात ठेवून पाह्यलं. किती जास्त होती सांगा? इकडून वीत, तिकडून वीत.

मागे वळलो. बापाचं बोट खाली आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यानं डाव्या हाताची वीत केली, मले दाखवली अन् अर्ध्या तोंडानं हसला.

मी खाटेपाशी गेलो. "बाबा, हे सांगून राहिले होते का तुम्ही?"

त्यानं डोळे मिटले, उघडले. हव म्हणून. मंग माह्या डोक्यावर हात ठेवला. मले वाटलं, आशीर्वाद. तो टपली होती.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. भाकर फेकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन गेली तर तो थंड झाला होता.

आता सांगा, मयत काढता कुठून? दारात तर माही ट्रॉली!

पाहुणे यायले लागले. मोठमोठे बुढे, पांढरं धोतर, टोपी, दुःखी तोंड, अन् ट्रॉलीखालून गुडघ्यावर सरकत आत. कोणाचं धोतर ग्रीसले लागलं, कोणाची टोपी एक्सलले. माही बहीण खालून येताना रडत होती, मधात डोकं आपटलं म्हणून शिव्या दिल्या, बाहेर निघून पुन्हा रडाले लागली.

सुदाम हळूच म्हणाला, "भाटवे, तिरडी खालूनच सरकवली तर?"

समाजातले एक म्हातारे तिथे बसले होते. ते कडाडले, "बाप आहे का पोतं? खांद्यावर जाईन! दारातून जाईन!"

मी हातकरवत घेतली. पातं तुटलं. दुसरं तुटलं. छिन्नी घेतली, घण घेतला. मारतो, मारतो, एक टाका निघेना. जन्मात इतकी पक्की वेल्डिंग मी केली नव्हती! बापावरचा सारा राग त्या सांध्यात भरला होता, तो सुटते काय? आत बाया रडून राहिल्या, बाहेर मी घण मारून राहिलो. ऊन चढाले लागलं.

शेवटी सुदाम लकडगंजात गेला अन् गॅस कटर घेऊन आला. गॅस कटरसंग कोण आलं? शेठ!

शेठ गल्लीत उभा राहिला. ट्रॉली पाह्यली, सांधे पाह्यले, वाकून आतली तिरडी पाह्यली. टोपी काढली. मंग माह्याकडे पाहून हळूच म्हणाला, "वेल्डिंग अच्छा किया रे. मेरे बाप से तो नहीं टूटता था. तेरे बाप ने तुडवाया."

मी हातातला घण खाली ठेवला.

"कितना काटना है?" त्यानं विचारलं.

मी हात पुढे केला. अंगठा इकडे, करंगळी तिकडे.

इकडून वीत कापली, तिकडून वीत कापली. ठिणग्या पार तिरडीपर्यंत उडत होत्या. ट्रॅक्टरनं ओढलं तशी ट्रॉली सुईतून दोरा निघावा तशी निघाली. तिच्यामागून बाप निघाला. खांद्यावर, दारातून.

तेरवी झाल्यावर सुदाम ट्रॉली न्यायाले आला. दोन्ही बाजू कापलेल्या, काळ्या, दातऱ्या. त्यानं खिशातून ती गाठीची सुतळी काढली अन् रुंदीवर ताणून पाह्यली. गाठ बरोबर काठावर आली.

"भाटवे," तो म्हणाला, "आता माप बरोबर झालं."

मंग? मी पहिल्यापासून काय सांगत होतो? लोखंड आटते म्हणून! आटलंच नं शेवटी? कापडाले आटाले पाणी लागते. माह्या ट्रॉलीले बाप लागला.