ते इथं राहत नाहीत

आमच्या माले गावाकडे बायका असं बोलत नाहीत. नवरा मुंबईला असो की बोटीवर, कुणी विचारलं तर ‘हितंच असत्यात, कामाला भाईर गेल्यात’ एवढंच सांगायचं. ‘ते इथं राहत नाहीत’ हे टाकलेल्या बाईचं बोलणं. मीही रीतीप्रमाणे बोलले आणि फसले.

हे कुवेतला फोरमन होते. तिकडच्या पगारातून ह्यांनी भावजींच्या घराशेजारी दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. तिथं मी एकटी असायची. ह्यांची खाट घातलेली, कोट खुंटीला, तांब्या घासलेला. त्या वर्षी हे महिनाभर येऊन गेले. पाठोपाठ इन्कमटॅक्सचे एक साहेब पुण्याहून आले. मी दाराआड उभी राहिले.

“मालक कुठं राहतात?”

“हितंच.”

“आता कुठं आहेत?”

“कामाला भाईर गेल्यात.”

“ही खाट कुणाची?”

“त्यांचीच की.”

साहेबांनी लिहून घेतलं. मी अंगठा न उठवता सही केली, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

मग इंग्रजी नोटीस आली. भावजी मला पुण्याला वकिलाकडे घेऊन गेले. वकील म्हणाले, “बाई, नवऱ्यासाठी इथं सहा महिन्यांच्या वर घर राखलेलं असेल, आणि त्या वर्षी तो चार दिवस जरी येऊन गेला, तरी कायद्यानं तो इथलाच रहिवासी. मग कुवेतच्या पगारावरही इथं कर.”

“आणि आलाच न्हाई तर?” भावजींनी विचारलं.

“तर तिकडच्या पगाराला हात नाही.”

“म्हंजी बायकोनं घर संभाळलं हाच गुन्हा व्हय?”

वकील हसले. मला हसू आलं नाही. ह्यांचं पत्र आधीच आलं होतं, की याचा निकाल लागेस्तोवर मी येत नाही. माझ्या एका शब्दावर ह्यांचं येणं अडलं होतं.

वकिलांनी मला वाक्य पाठ करून दिलं : ते इथं राहत नाहीत, घर माझ्यासाठी आहे. परतताना एसटीत पौडपर्यंत भावजी ते माझ्याकडून म्हणवून घेत होते. “वैनी, जरा मोठ्यानं!” पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली, “कदी सोडलं गं तुला?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तारखेला ऑफिसात तेच साहेब होते. त्यांनी माझा कागद पुढे ठेवला. “तेव्हा राहतात म्हणालात. आज काय म्हणता?”

भावजींनी कोपर मारलं. पाठ केलेलं वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. साहेबांनी दोनदा विचारलं. शेवटी मला रागच आला. आयुष्यात परक्या पुरुषाकडे मान वर करून मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“साहेब, ते इथं राहत असते, तर मी इथं कशाला आले असते?”

साहेबांनी पेन उघडलं. मग इंग्रजीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कुणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, “लई बोललीस. पर पाठ केल्यालं न्हाई बोललीस.”

निकाल आला. ह्यांनी त्या वर्षी इथं पाऊल टाकलं होतं आणि घर राखलेलं होतं, म्हणून त्या वर्षाचा कर लागलाच. पुढच्या वर्षाचं ह्यांच्या येण्यावर, असं वकील म्हणाले.

महिन्याभराने ह्यांचं पत्र आलं. यंदा येत नाही, पुढच्या वर्षीचंही नक्की नाही, असं होतं. अक्षर घाईचं होतं. शेवटी एक ओळ : ‘घर झाडून-पुसून ठेवत जा. खाटेला ढेकूण होऊ देऊ नकोस.’

मी दुसरं काय करत होते? त्या झाडण्या-पुसण्यापायीच तर हे येईनासे झाले. त्या दिवशी पत्र चुलीत घातलं आणि खाट उन्हात टाकायला गेले. ती एकटीला काही उचलेना.