सुजलेला पाय आणि नॉर्मल बीएमआय
तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, डिंभ्याच्या आरोग्य शिबिरात, माझ्या मावशीवर अन्याय झाला. सॅनिटायझरचा वास आला की अजून तो मांडव आठवतो आणि किळस येते. वजनकाट्यावर उभ्या मावशीची जोडवी सुजलेल्या बोटांत रुतली होती. डॉक्टरांनी वजन-उंची मोबाइलवर टाकली आणि मान वर न करताच म्हणाले, "बीएमआय बावीस. एकदम नॉर्मल! पुढं चला." मावशी म्हणाली, "आवो, पायात चप्पल जात न्हाई, आन् तुमी नॉर्मल म्हनता?" "मावशी, आकडा खोटं बोलतो का?" म्हणत त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि टेबलाभोवतीचे फिदीफिदी हसले. मी तिची नडगी बोटानं दाबली, तर पडलेला खड्डा भरून येईना. अंगावर मांस नव्हतंच. काट्यानं अंगात साठलेलं पाणी तोललं होतं. नॉर्मल म्हटल्यावर ती घरीच बसली. दिवाळीनंतर जुन्नरला लघवी-रक्त तपासलं, तोवर किडन्या गेल्या होत्या. आज ती डायलिसिसवर आहे आणि मी गावोगाव पत्रकं वाटतो. बीएमआय ही पहिली चाळणी आहे, निकाल नव्हे. तुमच्या गावात शिबिर आलं तर नुसता आकडा ऐकून उठू नका. डॉक्टरला आधी पायाला हात लावायला लावा.