विहिरी मोजणारे सर

"कशावरून?"

वर्गात कुणी काहीही सांगितलं, की आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर मान किंचित तिरकी करून एवढंच विचारायचे. आवाज न चढवता, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखे. स्टाफरूममध्ये चहा आणणारा "साखर टाकलीय सर" म्हणाला, तरी "कशावरून?" मग घोट घेऊन स्वतःच हसायचे.

मी तिथेच मराठी शिकवायचो. भिंगारला आमच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या आणि नगरच्या कॉलेजला आम्ही बरोबरच सायकली हाणत जायचो. तुमच्याही पाहण्यात असा एखादा शिक्षक असेल, ज्याची मुलं नक्कल करतात, पण ज्याचा तास काही चुकवत नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा सर बी.ए.च्या वर्गाला अवर्षण शिकवत होते. पुस्तकात दूरदेशीची वाळवंटं. सरांनी पुस्तक मिटलं आणि पोरांना एस.टी.त घालून पारनेर तालुक्यात नेलं. मीही गेलो. पोरं दोरीला दगड बांधून विहिरीत सोडत होती. कुठलं पाणी कधी आटलं, वरच्या अंगाला काय आहे, हे गावात विचारत हिंडत होती. एक म्हातारी रिकामी घागर कमरेवर घेऊन बराच वेळ बघत उभी होती.

"मास्तर, मोजल्यानं पानी वाढतंय व्हय?"

"नाही, आजी."

"मंग मोजा," म्हणाली आणि चालू लागली. सर तिच्या पाठीकडे पाहत राहिले.

त्या वर्गात सोपान होता. पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. घरात कॉलेजपर्यंत आलेला तो पहिलाच. सुट्टीत त्यानं आपल्या गावच्या विहिरी एकट्यानं पालथ्या घातल्या आणि येऊन सांगितलं, की नाल्याला जिथं बांध आहे, त्याच्या खालच्या विहिरी उशिरा आटल्या. सरांनी विचारलं, "कशावरून?" त्यानं उत्तर दिलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा उत्तर. शेवटी सरांचेच प्रश्न संपले. त्या संध्याकाळी भिंगारपर्यंत ते शीळ घालत आले.

मुलांनी असं काही स्वतः शोधावं, त्याला परीक्षेत गुण असावेत, अभ्यासक्रमातच ते यावं, अशी मागणी त्यांनी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे मांडली. बैठकीहून परतले तेव्हा हसत होते, पण ते हसू काही नेहमीचं नव्हतं.

"कल्पना छान आहे म्हणाले. पण तपासणार कोण? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल ना!"

परीक्षेत अवर्षणावर प्रश्न आला. सोपाननं आपल्या गावच्या विहिरी लिहिल्या आणि तो नापास झाला. सर ओळखीच्या एका परीक्षकांकडे गेले. "उत्तर चांगलंही असेल हो," ते म्हणाले, "पण नमुना उत्तरात नाही त्या मुद्द्याला गुण द्यायचे कसे?" इकडे प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "पोरांना नोट्स द्या. आधी नोकऱ्या लागू द्या त्यांना."

हिवाळ्यात सर मला घेऊन कोपरगावकडे निघाले. सोपान तिकडच्या उसाच्या फडात असल्याचं कळलं होतं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून घरच्यांनी त्याचं लग्न उरकून टाकलं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याची बायको मोळ्या बांधत होती. पदर पुढे ओढून ती बाजूला झाली. सोपाननं कोयता खाली ठेवला, हात पुसले आणि सरांच्या पाया पडला.

"एप्रिलला पुन्हा बस," सर म्हणाले. "या वेळी मी नोट्स देतो. नुसतं पाठ कर. पास होशील."

सोपाननं पायाजवळचं पाचट बाजूला सारलं.

"बसलो आसतो, सर. पर आता पाठ व्हत न्हाई. पुस्तक उघडलं की वाटतं, ह्या मानसानं हे कुठं बघितलं आसंल? पुढं वाचवतच न्हाई." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी चा घेता का?"

पाचटानं शाकारलेल्या त्यांच्या कोपीपुढे उभ्यानंच आम्ही कोरा चहा प्यालो.

परतताना सर एस.टी.त खिडकीशी बसले होते. राहुरी मागे पडल्यावर म्हणाले, "त्याला पहिल्याच वर्षी नोट्स दिल्या असत्या, तर आज कुठल्यातरी शाळेवर असता तो."

त्यानंतर सर नोट्स देऊ लागले. निकाल सुधारला. प्राचार्यांनी पेढे वाटले. सरांनीही एक घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात ते नोकरी सोडून गेले. कुठे, ते मलाही सांगितलं नाही.

जाण्याआधी एकदा व्हरांड्यातून जाताना मी त्यांचा तास ऐकला होता. फळ्यावर एक अक्षर नव्हतं. सर टेबलाला टेकून एका सुरात सांगत होते, "अवर्षणाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे. एक..." सगळा वर्ग माना खाली घालून लिहीत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. सरांनी तो पाहिला.

"दोन," म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली आला.