लीग वाचवायचे माझे उपाय

गोल झाला तेव्हा मी मान खाली घालून मोबाइलवर टाइप करत होतो. ओरडा ऐकू आला तसा ताडकन उठलो आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलो. "क्या बात है!" असंही म्हणालो असेन. मग लक्षात आलं, आमच्या बाजूला बसलेल्यांत टाळ्या वाजवणारा मी एकटाच आहे. गोल आमच्यावर झाला होता. जाळ्यातून बॉल काढायला वाकलेली गोलकीपर माझी मुलगी होती. वाकल्या वाकल्या तिने माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तो त्यांचा होता," शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या.

"हो, हो. खेळाडूवृत्ती म्हणून," मी म्हटलं, आणि बसलो.

टाइप काय करत होतो ते सांगायचं जिवावर येतं. बाळकुमला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मी फुटबॉलमधला जाणकार. परदेशातल्या माझ्या लाडक्या क्लबचा कोच गेला तेव्हा लिफ्टमध्ये लोकांनी माझं सांत्वन केलं होतं. आपल्या देशाची लीग यंदा होणार की नाही इथेच दर वेळी गाडी अडते, म्हणून कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मी 'लीग वाचवायची तर' अशी मालिका चालवली होती. वेळापत्रक हंगामाआधी लावा. जिल्ह्याजिल्ह्यात संघ उभे करा, खालच्यांना वर चढायची वाट ठेवा. मुलींची लीग म्हणजे तोंडी लावणं नव्हे. त्या रविवारी कल्याणच्या मैदानाच्या कडेला बसून मी लिहीत होतो, 'मुख्य म्हणजे आपण घरात न बसता स्थानिक सामने पाहायला...' तेवढ्यात गोल झाला.

मुलगी शाळेपासून खेळतेय. तिचा सामना पाहायला मी पहिल्यांदाच गेलेलो, तेही बायकोने ढकललं म्हणून. त्याचं असं झालं, देशाच्या महिला लीगमधल्या एका क्लबला गोलकीपर हवी होती, आणि तिच्या कोचनी ट्रायलसाठी हिचं नाव सुचवलं होतं. ती नाचतच घरी आली. मी तिला समोर बसवलं आणि समजावलं, "अगं, लीगचंच काही खरं नाही. स्पॉन्सर टिकत नाहीत, क्लब बंद पडतात. कुठल्या भरवशावर जाणार तू?"

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली. मला वाटलं, पटलं. तेच मुद्दे नीट मांडून मी रात्री ग्रुपवर टाकले. भरपूर अंगठे आले. बायको तेवढंच म्हणाली, "ती खेळते कशी, ते एकदा बघून तरी या. मग बोला."

म्हणून मी तिथे होतो. मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती, दोन आया चादर धरून उभ्या होत्या. फक्कीच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या. बॉल नाल्याकडे गेला की एक आजोबा धोतर सावरत आणायला जायचे, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसायचे. सगळे एकमेकांना ओळखत होते. मला कुणी ओळखत नव्हतं.

हाफ टाइमनंतर मी मोबाइल खिशात घातला. घरात भाजी आवडली की नाही हेही न सांगणारी माझी मुलगी तिथे पुढच्या मुलींवर केवढ्याने ओरडत होती! "डावीकडे बघ! मागे ये रे!" एकदा समोरून एकटीच धावत आलेल्या मुलीच्या पायांत तिने सरळ उडी टाकली, आणि बॉल पोटाशी घेऊन धुळीत पडून राहिली. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मला हात उचलायचा धीर होईना.

सामना आमच्या मुली त्या एका गोलने हरल्या. बाहेर पडताना तिची एक मैत्रीण म्हणाली, "काका, नेक्स्ट टाइम त्यांच्या साइडला बसा हां, बिनधास्त!" सगळ्या हसल्या. माझी मुलगी ग्लोव्हज काढत होती.

"अगं, मला वाटलं आपला गोल झाला," मी म्हटलं.

"आपला गोल तिकडे होतो, बाबा. मी इकडे उभी असते."

स्कूटरवर मी म्हटलं, "ती उडी भारीच होती हं. आणि ट्रायलचं मी जे बोललो ना..."

"बाबा, समोर बघून चालव. खड्डा आहे."

घरी आल्यावर ती आंघोळीला गेली. बायको मेथी निवडत होती. टाळ्यांपासून सगळं मी तिला सांगितलं, काही न लपवता. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही.

"मंगळवारी जातेय ती ट्रायलला," ती म्हणाली. "बाबांना सांगू नको, म्हणाली होती."

"मग आता कशाला सांगतेस?"

"त्या दिवशी माझ्या शाळेत परीक्षा आहे, मला सुट्टी नाही. दुपारचा डबा घेऊन कुणीतरी जायला हवं ना."