खणातले अकरा बिल्ले

मी मास्तरांना "बिल्ले संपले" असं सांगितलं तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात अकरा बिल्ले होते. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्या प्रकरणातलं अर्धं बायकोला माहीत आहे. हे अर्धं तिलाही माहीत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या गल्लीतले शिंपी, टेलर मास्तर. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांचं घर माझ्या घरासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. ते ओट्यावर मशीन टाकून बसायचे आणि दिवसभर गल्ली त्यांच्याशी बोलत असायची. मी पालिकेत कारकून. माझ्याशी गल्ली बोलायची ती नळाला पाणी आलं नाही की.

कुत्रं मात्र आधी माझ्या दारात आलं होतं. मोठ्या दुष्काळाचं साल. आमच्याच ताटात रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकर होती, ती घशाखाली उतरत नसे. त्यातली अर्धी मी त्याला टाकली. तांबडं, एका कानाचं टोक तुटलेलं, पोट पाठीला लागलेलं पिल्लू होतं. पुढं मी रोज टाकत गेलो. ते खायचं, शेपूट हलवायचं आणि वाट ओलांडून मास्तरांच्या मशीनखाली जाऊन झोपायचं. पायडल त्याच्या अंगाला घासून हलायचं, तरी उठायचं नाही.

मास्तर त्याला वेगळं असं काय द्यायचे? माझ्या डोळ्यांना तरी काही दिसलं नाही. मी कचेरीतून आलो की ते मान वर करायचं, ओळखायचं आणि मान परत पायांवर ठेवायचं. मास्तर कापड घेऊन कळमनुरीच्या बसमधून उतरले की तेच कुत्रं गल्लीच्या तोंडापर्यंत धावत जायचं.

एका कुत्र्यावरून माणसानं जळावं का? मी जळत होतो. आणि खरं सांगायचं तर नुसत्या कुत्र्यावरून नाही. माझी बायको ब्लाउज शिवायला टाकायला गेली की समोरून तिचं हसणं ऐकू यायचं. घरात आली की पदर सारखा करून गप्प.

"काय म्हणले मास्तर?" मी विचारायचो.

"काही न्हाई. असंच."

ते "असंच" मला कधी जमलं नाही.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं सुटलं. दोघातिघांना चावलं. एकाला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. मग पालिकेनं नियम काढला. नोटीस माझ्या अक्षरात होती. माझ्याकडं मिरवण्यासारखं अक्षर तेवढं होतं. कुत्रं पाळणाऱ्यानं कचेरीत नाव नोंदवावं. गळ्यात पट्टा आणि त्याला पालिकेचा पितळी बिल्ला असावा. बाजाराच्या दिवशी मोकळं सोडू नये. चावलं तर जबाबदारी मालकाची. बिल्ला नसेल ते बेवारस समजून धरून नेऊन मारलं जाईल. हलगीवाल्यानं चौकाचौकात हीच दवंडी दिली.

अडचण अशी, की आमच्याकडं कुत्र्याला मालक नसायचा. कुत्रं गल्लीचं असायचं. चार घरी खायचं, पाचव्या घरापुढं झोपायचं. 'मालकाचे नाव' हा रकाना ऐकून लोक हसायचे. एक म्हातारी तर म्हणाली, "बाबा, माझ्या नावावर अजून घर झालं न्हाई, अन् कुत्रं करून राहिला व्हय?"

सोमवारी दुपारी मास्तर कचेरीत आले. मागं कुत्रं होतंच. त्याच्या गळ्यात खाकी कापडाच्या तीन घड्या घालून शिवलेला पट्टा, दोन बटणं, आणि मधोमध बिल्ला अडकवायला केलेलं काज. इतका नीट पट्टा मी पुन्हा कोणत्याच कुत्र्याच्या गळ्यात पाहिला नाही.

"रामराम बाबू. घ्या, गुन्हेगार हजर हाय."

आजूबाजूचे हसले. माझ्या टेबलापाशी लोक रकान्याला हसायचे; कोणी असं खुशीनं हसलेलं मला आठवत नव्हतं. मी रजिस्टर उघडलं.

"मालकाचं नाव?"

"दोघांचं लिहा की. तुमचं अन् माझं."

"एकच नाव लागतं. नियम हाय."

असा नियम नव्हता. नोटीस मीच लिहिली होती.

मास्तरांनी कुत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मग तुमचंच लिहा. पहिली भाकर तुमची. मी काय, नुसती सावली दिली त्याला."

इतकं सहज. ज्याच्यासाठी मी आतल्या आत धुमसत होतो ते त्यांनी सुपारीचं खांड पुढं करावं तसं पुढं केलं. ते अडून बसले असते, "माझंच हाय" म्हणून भांडले असते, तर मी बिल्ला दिला असता, असं मला आजही वाटतं. पण त्यांच्याकडं देऊन टाकण्याइतकं होतं, आणि माझ्याकडं नव्हतं. मी रजिस्टर मिटलं.

"बिल्ले संपले, मास्तर. पुढच्या सोमवारी या."

"तवर काही तकलीफ तर न्हाई ना?"

"न्हाई. काही न्हाई."

कुत्री धरणारी माणसं गुरुवारी यायची होती. त्यांना बोलावणारं पत्रही माझ्याच अक्षरात गेलं होतं.

ते मरावं असं मला वाटत होतं का? मी तसं मनात शब्दांनी आणलं नव्हतं. मास्तरांचं एखादं काम अडलेलं मला बघायचं होतं, एवढंच मी स्वतःला सांगितलं. पण गुरुवार मला ठाऊक होता. मंगळवारी आणि बुधवारी मी तो खण किती तरी वेळा उघडला, नुसता टाक काढला आणि खण परत लावला.

गुरुवारी मास्तर पहिल्या बसनं कळमनुरीला गेले. मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आली, पाठोपाठ लांब लोखंडी चिमटे घेतलेली दोन माणसं. त्यांनी कोपऱ्यावरचं एक कुत्रं धरलं. त्याचं ओरडणं ऐकून तांबडं मशीनखालून उठलं. वर मास्तर नव्हते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि वाट ओलांडून माझ्याकडं आलं. हातात भाकर नसताना पहिल्यांदाच. माझ्या पायांमागं भिंतीला चिकटून बसलं. त्याची थरथर माझ्या पोटरीला लागत होती.

चिमटेवाला ओट्याखाली थांबला. "साहेब, पट्टा दिसून राहिला, पण बिल्ला न्हाई. तुमचं हाय का?"

बायको आतून दारात आली. "अवो, व्हय म्हणा की. आपलंच हाय म्हणा."

"बिल्ला न्हाई," मी म्हणालो.

"म्हंजे तुमचं न्हाई?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी गालावरचा साबण पुसत राहिलो. त्यानं चिमटा जमिनीला टेकवला. त्यालाही ते नको होतं असं मला वाटतं. मग मी पाय बाजूला घेतला.

संध्याकाळी मास्तर बसमधून उतरले. गल्लीच्या तोंडाशी कापडाचं गाठोडं खांद्यावर तसंच ठेवून उभे राहिले. कोणीतरी त्यांना सांगितलं. ते सरळ माझ्याकडं आले.

"माझंच चुकलं बाबू. दवंडी झाली त्याच दिवशी यायला पायजे होतं. पट्टा बराबर शिवावा म्हणून मी चार दिवस लावले. तुमी तरी काय करणार? बिल्लेच न्हाई तर." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बायको आतून ऐकत होती. त्यानंतर तिनं ब्लाउज दुसऱ्या शिंप्याकडं टाकायला सुरुवात केली. काहून, हे मी विचारलं नाही. ज्या घरातून 'व्हय' निघालं नाही त्या घरची बाई म्हणून त्यांच्यासमोर उभं राहणं तिला जमलं नसावं. समोरून तिचं हसणं येणं थांबलं. मला तेच हवं होतं, आणि ते मला मिळालं.

अकरांतला एक बिल्ला मी रजिस्टरात 'खराब' दाखवून घरी आणला. तो माझ्या पेटीत कपड्यांखाली आहे. काळा पडला आहे.

माझी पन्नाशी उलटली. मास्तर अजून समोरच बसतात. सुईत दोरा सून ओवून देते. नंतर त्यांनी कुत्रं ठेवलं नाही. पायडल मारताना मात्र ते एक पाय अजूनही कडेला धरून बसतात. संध्याकाळी मला हाक मारतात, "या बाबू, चहा घ्या." मी जातो. चहा घेतो. परत येतो.

मास्तरांना मी तो बिल्ला देणं लागतो, आणि बिल्ले संपले नव्हते हे सांगणं लागतो. बायकोला उरलेलं अर्धं सांगणं लागतो. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.