सशासाठी विझवलेली चूल

भोरच्या कचेरीतले रघुवीरराव एकेचाळीस साली पेन्शन घेऊन पुण्याला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी घरच्या पांढऱ्या सशांची जोडी सगुणाबाईंच्या हवाली केली. बारा वर्षं त्यांच्याकडे राहून धुणंभांडी केलेल्या सगुणाबाई सशांचं डालगं डोक्यावर घेऊन आंबवड्याला आपल्या बंद घरी परतल्या. नवरा कधीच गेला होता, एकुलती लेक साळू वेल्ह्याकडे दिलेली. दिवसभरात बोलायचं ते सशांशीच.

चारा फुकटचा. मळणीनंतर उरलेलं हरभऱ्याचं भूस, भुईमुगाचे वाळके वेल, कांडणातला कोंडा. ससे गुबगुबीत झाले.

चैत्र तापला आणि ससे खाईनात. सुकलेल्या जनावराला आंबोण द्यावं, एवढं सगुणाबाईंना ठाऊक. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून त्या भर दुपारी लाडीगोडीनं चारू लागल्या. सशांचे कान चटका बसावा इतके तापत, नाकपुड्या भराभर हलत. सगुणाबाईंना वाटलं, अशक्तपणा. पेंड वाढवली. चौथ्या दुपारी नर तोंड उघडं टाकून आडवा झाला, तो उठलाच नाही.

शेजारचे गेनबा शेळ्या घेऊन परतत होते. दारातलं भांडं बघून म्हणाले, "वयनी, ससा हाय का येलेली म्हस? आंबोण चारताय!" मग त्यांना पाटीखाली झाकलेल्या मेल्या सशाचे पांढरे पाय दिसले. ते खाली बसले.

"माज्या शेळ्या बी दुपारी तोंड लावत न्हाईत. पोटात भर घातली की अंगात आग व्हतीया. ऊन कललं की वेल टाका. दिवसा गार जागा आन् पानी."

घरातली गार जागा एकच, रांजणाजवळची ओली जमीन. पण चूल तिथून तीन हातांवर. सगुणाबाईंनी मादीला तिथं बांधलं आणि दिवसाची चूल बंद केली. पहाटे भाकरी थापायची, दुपारी गार खायची.

"आक्का, सशापायी उपास धरलाय म्हनं?" पाणवठ्यावर फुलाबाईनं विचारलं.

"उपास कुटला? दात घट व्हत्यात."

बायका हसल्या. मादी जगली, पण रोज दुपारी दोनदा पाण्याचा हात कानांवरून फिरवावा लागे.

वैशाखात जावई मानसिंग बैलगाडी घेऊन दारात. "मामी, चला. साळूला सातवा लागलाय. लई वाट बगतीया."

सगुणाबाईंनी लुगडं बोचक्यात बांधलंसुद्धा. मग रांजणाकडे पाहिलं.

"हिला?"

"ठेवा की शेजारी."

"शेजारी दिसभर चूल पेटती असती."

"मग घ्या गाडीत."

"एवढ्या उनात? घाट चढंस्तवर मरंल."

मानसिंग पाणी प्यायला, बैल जुंपले.

"मिरीग लागला की येती म्हनावं," गाडीमागं चालत सगुणाबाई म्हणाल्या.

"व्हय, सांगतो."

मृगात वेल्ह्याची वाट चिखलानं बंद होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.