घराक कळला?

मरणाची बातमी तारबाई कधी बसून वाचत नसत. कॉम्प्युटरवर तसली बातमी आली की खुर्ची मागे सरकवायच्या, उभ्या राहायच्या, चष्मा पुसायच्या आणि मग वाचायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंची कंबर धरली असणार. विचारलं तर म्हणाल्या, "कोणाच्या तरी घरातलो माणूस गेलो, आणि मी पाय पसरून वाचू?"

मालवणच्या तारघरात त्यांची तीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे तारबाई म्हणत. मरणाची तार आली की ती थेट घरच्या बाईच्या हातात पडू द्यायची नाही, आधी शेजारचं कोणीतरी बोलावून आणायचं, असा त्यांनी शिपायांना दंडकच घालून दिला होता. निवृत्तीनंतर त्या आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर मजकूर तपासायला आल्या. साल २००८. बाजारातल्या एका माडीवर आमचं ऑफिस, आणि तिथे बसणारी माणसं तीनच: संपादक, तारबाई आणि साइट सांभाळणारा मी. पुण्यात कोडिंग शिकून आलेलो, त्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते.

बातम्या चढवायच्या आमच्या सिस्टीममध्ये बातमीला दोनच स्टेटस होती. एक मसुदा, दुसरं प्रकाशित. बाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे एक तर अर्धवट, नायतर जगजाहीर? आणि मधी काय्येक नाय?" मी म्हटलं, मधे कशाला काय लागतं? "लागता रे इंजनेरा. सगळा मधीच असता."

त्यांना मधे तीन स्टेटस हवी होती. 'ऐकला', 'बघितला' आणि शेवटचं 'घराक कळला', म्हणजे घरच्यांपर्यंत निरोप पोचला. मी भडकलो. त्या सिस्टीममध्ये नवीन स्टेटस घालायची तयार सोय तेव्हा नव्हती, सगळं हाताने लिहायला लागणार होतं. म्हटलं, "बाई, एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा ना!" तर म्हणतात, "कागद कोण वाचता? घाई झाली की माणूस थांबणा नाय. तुझ्या मशिनीनच थांबूक व्हया."

पंधरा दिवस डोकं फोडलं. पहिल्या प्रयत्नात नवीन स्टेटस दिलेली बातमी यादीतूनच गायब झाली. "खंय गेली रे? बुडवलंस?" बाईंचा आवाज खाली बाजारापर्यंत गेला असेल. मग यादी दुरुस्त केली, तर स्टेटस निवडायच्या चौकटीत नवीन नावं दिसेनात. शेवटी तेही जमलं. मरणाची बातमी 'घराक कळला' झाल्याशिवाय साइटवर जाणारच नाही, आणि ते स्टेटस फक्त बाईच देऊ शकतील, अशी मेख मी मारून ठेवली. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवरच जाम खूश होतो. बाई एवढंच म्हणाल्या, "बरा आसा."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी अचानक वारा फिरला आणि देवबागची एक होडी उलटली. पाच खलाशी होते. चौघांना दुसऱ्या होडीने उचलून देवगडला नेलं, आणि पाचव्याचं प्रेत वर उत्तरेला किनाऱ्याला लागल्याचा निरोप आला. होडीच्या मालकाने आपली यादी बघितली. देवगडहून फोनवर फक्त वाचलेल्या चौघांची नावं आली होती, ती वजा केली, उरला बाबल. आमच्या बातमीदाराने तसं लिहून पाठवलं.

बाई उठल्या, वाचलं आणि पिशवी खांद्याला लावली. संपादक म्हणाले, "बाई, फोन करा ना. बाकीच्यांनी लावलीसुद्धा बातमी."

"अशी गोष्ट फोनार विचारूची नसता," म्हणून त्या रिक्षाने देवबागला निघाल्यासुद्धा.

त्यांची पाठ वळताच संपादक माझ्याकडे आले. "सगळ्या चाव्या तुझ्याकडे आहेत ना? बदल ते स्टेटस आणि सोड." चाव्या होत्याच. दोन क्लिकचं काम. पण मेख मीच मारलेली, मीच उपटायची? मी माउसवरचा हात काढून घेतला. म्हटलं, "नाही जमणार." संपादक माझ्याशी बोलेनासे झाले.

देवबागला काय झालं ते बाईंनी मला मागाहून सांगितलं. बाबलच्या अंगणात त्या शिरल्या, तर बाबल स्वतः समोर उभा, हातात पालखीची दोरी! गावच्या जत्रेत पालखीला खांदा द्यायचा मान त्याच्या घराकडे. म्हणून तो होडीवर गेलाच नव्हता. आमच्या किनाऱ्यावर ही नेहमीचीच रीत, एकाच्या जागी दुसरा चढतो आणि मालकाच्या यादीत नाव पहिल्याचंच राहतं. सगळ्यांना माहीत, पण त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाबल म्हणाला, "काय गो बाय, हय खंय?"

बाईंनी एवढंच विचारलं, "बाबल, तुझ्या जागेर कोण चढलो?"

होडीचं काय झालं ते त्याला त्या प्रश्नातूनच कळलं; त्याने दोरी अंगणातच ठेवली. त्याच्या मावशीचा मुलगा चढला होता. मावशीचं घर तीन घरं पलीकडे. दोघं मिळून तिकडे गेली. दुपारी बाईंचा फोन आला, "नाव बदल. आता घराक कळला." आम्ही सगळ्यांच्या मागून बातमी लावली. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली, तेव्हा संपादक माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आले.

तारबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्यानंतर मी मोठमोठ्या कंपन्यांची कामं केली, पण मी काय केलं असं कोणी विचारलं की मी अजून ती तीन स्टेटसच सांगतो. त्याला कारण ती मावशी.

दिवसकार्य झाल्यावर ती ऑफिसचा जिना चढून आली होती. धापा टाकत टेकली. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येना थांबयल्यान. माझा नाव घेव नको." माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते.

मावशीने मला जवळ बोलावलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू ती बातमी सोडली असतंस ना झिला, तर मी बाबलाक रडत बसलंय असतंय. आणि माझो झील थंय एकटोच पडान रवलो असतो."